सोलापूरच्या उन्हात पॉप-अप कॅम्पर: आधी कापड, मग गादी, एसी नकोच

जुळे सोलापुरातल्या एका दादांनी सेकंड हँड पॉप-अप कॅम्पर, म्हणजे गाडीमागं ओढत न्यायचा घडीचा ट्रेलर, घेतलाय. लोखंडी चेसीवर कमरेएवढा खोका, वर फायबरचं छत. विंच (तार गुंडाळायची चरखी) फिरवली की चार तारांवर छत वर जातं, पुढून-मागून झोपायच्या फळ्या बाहेर ओढायच्या आणि त्यावर कापड ताणायचं. घरात सत्तरीच्या आई, बायको, दोन मुलं. एप्रिलमध्ये तुळजापूरच्या बाजूला पहिला मुक्काम केला. दुपारी आत बसवेना, रात्री फळी पाठीला लागली, आणि पहाटे वळवाची एक सर आली तर कोपऱ्यातून पाणी गादीवर. हाताशी चाळीस हजार आहेत. एसी बसवू का, छतावर सामानाचं कॅरिअर लावू का, सुरुवात कुठून करू, असा त्यांचा प्रश्न आहे.

दादा, एसी बसवू नका. कॅरिअर तर नकोच नको. पॉप-अपचं छत हे उचलायचं छत आहे आणि त्याच्या भिंती कापडाच्या आहेत, या दोन गोष्टींवर माझं सगळं उत्तर उभं आहे. छतावर चढवलेला एकेक किलो दर मुक्कामी चार बारीक तारांना उचलावा लागतो. आणि एसीनं गार केलेली हवा कापडातून आली तशी निघून जाते. हिशेबही बघा. एक टनाचा एसी चालताना साधारण हजार वॅट खातो. १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरली तरी तिच्यात सव्वाबाराशेच्या आसपास वॅट-अवर असतात. तासाभराच्या गारव्यासाठी तुमचे सगळे पैसे जातील आणि दुसऱ्या तासाला आत पुन्हा भट्टी.

मी २८ वर्षं सोलापुरात हूड, कुशन आणि ताडपत्रीचं काम करतो. जीपचे हूड शिवले, ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या, दिंड्यांच्या राहुट्या दुरुस्त केल्या. गेल्या नऊ वर्षांत अकरा कॅम्परचं कापड माझ्या मशीनखालून गेलंय. त्यातल्या ज्यांनी आधी पाणी आणि ऊन आवरलं, ते आजही वापरतात. ज्यांनी आधी टीव्ही, फ्रीज, कॅरिअर लावलं, त्यांचे कॅम्पर घरामागं उभे आहेत. म्हणून पहिला पैसा कापडावर घाला.

पाण्यापासून सुरुवात करू. तुमचं पाणी कोपऱ्यातून आलं म्हणता. माझा पहिला संशय शिवणीवर नाही, कापड कसं बसवलं त्यावर आहे. झोपायच्या फळीवरचं कापड फळीच्या कडेवरून बाहेर लोंबलं पाहिजे आणि खालून इलॅस्टिकनं किंवा वेल्क्रोनं अडकलं पाहिजे. घाईत किंवा अंधारात कापडाची कड फळीच्या आत राहिली, की बाहेरून ओघळणारं सगळं पाणी सरळ गादीखाली जातं. लोक शिवणीला सीलंट फासत बसतात आणि पाणी येतच राहतं. पुढच्या वेळी उघडलंत की फळीच्या चारही बाजूंनी हात फिरवा. बोटांना कापड फळीच्या बाहेर लागलं पाहिजे, कुठेही आत वळलेलं नको.

तिथं सगळं बरोबर असेल तर रात्री एक परीक्षा करा. कॅम्पर उघडा, आत मोठा दिवा लावा, आणि बाहेर अंधारात उभं राहून कापडाकडे बघा. जिथं टाचणीएवढा उजेड दिसेल तिथं खडूनं खूण करा. शिवणीच्या सुईची भोकं एका रांगेत चमकत असतील तर त्या शिवणीचा दोरा गेलाय. घासलेल्या घडीवर उजेडाची रेघ दिसेल. दुसऱ्या दिवशी एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं, खालून वर जात, एकेका पट्ट्यावर पाणी सोडायचं. वरून सोडलंत तर ते कुठून शिरलं ते कळत नाही. एक जुनी खूणही सांगतो. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ कापडावर बसतेच. पाणी जिथून शिरतं तिथं आतल्या बाजूला मातीची बारीक तपकिरी रेघ उठते. ती रेघ जिथं सुरू होते तिथंच गळती.

आता कापड कसलं आहे ते बघा. सुती कॅनव्हास असेल आणि नवीन शिवून घेतलेला असेल, तर तो वापरण्याआधी दोन-तीन वेळा पूर्ण भिजवून पूर्ण वाळवायचा. सूत फुगतं आणि सुईची भोकं आपोआप बुजतात. राहुटी शिवणारे जुने कारागीर हे करूनच माल देत. पॉलिस्टरचं किंवा पीव्हीसी लेपाचं कापड फुगत नाही, त्याच्या शिवणीला आतून सीम सीलर (सुईची भोकं बुजवायचा लेप) लावावाच लागतो. शिवण उसवली असेल तर दोरा पॉलिस्टरचाच घ्या. नायलॉनचा दोरा ताकदीला चांगला, पण उन्हात लवकर कुजतो. टाका फार बारीक मारू नका. इंचाला सहा-सात टाके पुरे. बारीक टाक्यानं कापडाला जवळजवळ भोकं पडतात आणि ताण आला की ते तिकिटासारखं फाटतं.

कापड धुवायचं तर कपड्यांची पावडर लांब ठेवा. तिचा अंश कापडात राहिला की पाणी थेंब होऊन घसरत नाही, कापडात मुरतं. साधं पाणी, मऊ ब्रश, लागलाच तर सौम्य साबण, आणि भरपूर पाण्यानं खळबळून काढणं. पूर्ण वाळल्यावर सिलिकॉनचा वॉटरप्रूफिंग स्प्रे दोन हात मारा, दोन हातांच्या मध्ये एक दिवस जाऊ द्या. आणि पाऊस चालू असताना आतून कापडाला बोट, उशी, पाठ टेकू देऊ नका. टेकलेल्या जागी पाणी आत ओढलं जातं, मुलांना हे पहिल्याच मुक्कामी सांगून ठेवा.

छताचं बघा. कापड ज्या पट्टीत सरकवून बसवतात त्या पट्टीचे स्क्रू आणि छताचे चार कोपरे, गळती तिथूनच. जुना सीलंट खरवडून काढा, पट्टीखाली ब्यूटाइल टेप (रबरी चिकट पट्टी) घाला, स्क्रू पुन्हा आवळा आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची रेघ ओढा. बाथरूमचं साधं सिलिकॉन इथं लावू नका. ते काही दिवसांनी सुटतं आणि एकदा लागलं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही. खोक्याच्या कडेचं प्लायवूड आरीच्या टोकानं टोचून बघा. आरी लोण्यात जावी तशी शिरली तर ते कुजलंय. बदलताना आयएस ७१० या मानकाचं मरीन प्लायच मागा. एमडीएफ स्वस्त पडतं, पण एका पावसाळ्यात फुगून पोळी होतं.

कापडाला पावसापेक्षा जास्त मारते ती ओली घडी. बार्शीकडच्या एका गिऱ्हाइकानं मे महिन्यात वळीव आला म्हणून घाईत ओलाच कॅम्पर मिटला आणि गावाकडे लग्नाला गेले. बारा दिवसांनी उघडला तेव्हा मी समोर होतो. आधी वास आला. मग घडी सुटली आणि पांढऱ्या कापडावर काळे ठिपके, जणू कुणी शाई शिंपडलीय. ते डाग आजतागायत गेले नाहीत, आणि त्या जागी कापड हातानं टरकतं. दिंडीतली माणसं हे कसं सांभाळतात ते मी पंढरपूरच्या वाटेवर पाहिलंय. आषाढातला पाऊस, रोज मुक्काम हलणार, राहुटी कोरडी व्हायला वेळच नाही. ते निघताना राहुटी झटकतात, जाड फडक्यानं पुसतात, सैल गुंडाळतात, आणि पुढच्या मुक्कामी ट्रकमधून सगळ्यात आधी राहुटीच खाली घेऊन पसरतात. तुम्हीही तेच करा. ओला मिटावा लागला तर घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी उघडाच, हवेवर ठेवा. टॉवेल तर आपल्या गावचे, चार जुने जाड टॉवेल कॅम्परमध्ये फक्त यासाठी ठेवा.

आता ऊन. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो आणि मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखालीच पडते. त्या वेळी उभ्या भिंतींना फारसं ऊन लागत नाही, पण बाहेर काढलेल्या दोन्ही बिछान्यांवरच्या कापडाला पूर्ण लागतं, कारण त्यांच्यावर फायबरचं छत नसतं. तुमची माणसं तिथंच झोपतात.

यावरचं औषध आपल्या जिल्ह्यात शेतीसामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतं: शेडनेट. रोपवाटिकेवर घालतात ती. ७५ टक्के सावलीची घ्या. ५० टक्क्यांची या उन्हाला पुरत नाही, आणि ९० टक्क्यांची वारा अडवते. कॅम्परपेक्षा चारी बाजूंनी हातभर मोठी कापा, कडेला पट्टी दुमडून रिंगा ठोकून घ्या, आणि बांबूवर किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपवर ताणा. दोन गोष्टी मात्र पाळा. नेट कॅम्परला टेकता कामा नये, मध्ये किमान फूटभर मोकळी हवा हवी. नेट स्वतः तापतं, टेकवलं तर ती उष्णता खाली उतरते आणि केलेलं सगळं वाया जातं. आणि बांबू जमिनीत रोवा, नेटचं ओझं छतावर टाकू नका. पश्चिमेच्या बाजूला नेट जरा खाली उतरवा, दुपारी तीननंतरचं ऊन तिकडून तिरपं येतं.

उभा करतानाच कॅम्परची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे संध्याकाळचं ऊन फक्त एका टोकावर येईल, लांब बाजू दक्षिण-उत्तरेला राहतील आणि तिकडच्या खिडक्या उघड्या ठेवता येतील. याला एक पैसा लागत नाही आणि फरक लगेच कळतो.

नेटनंतर बिछान्यांवरच्या कापडाला चंदेरी ओढणी. फॉइल लावलेलं विणलेलं कापड घ्यायचं, चमकती बाजू वर, कडेला इलॅस्टिकच्या गाठी. कापडाशी चिकटून न बसता थोडं उचललेलं राहिलं तर जास्त काम करतं. परदेशात अशा कॅम्परवर लोक हेच करतात, आणि हिवाळ्यात रात्री आत दव साठू नये म्हणूनही ते उपयोगी पडतं. फायबरच्या छताला आतून ८ ते १० मिलिमीटरची फॉइल लावलेली फोमशीट चिकटवा, एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडला आतून लावतात ती. हलकी असते, छताला ओझं होत नाही. बाहेरून छताला ऊन परतवणारा पांढरा रंग द्या, पण आधी पॉलिश पेपर मारून प्रायमर लावा, नाहीतर पहिल्या पावसात पापुद्रे सुटतील.

गारव्यासाठी इथं कूलर उत्तम. आपली उन्हाळी हवा कोरडी आहे म्हणूनच तो चालतो. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, आणि हवा जितकी कोरडी तितकं हे जास्त होतं. १२ व्होल्टचा छोटा कूलर पुढच्या खिडकीत, आणि समोरची खिडकी उघडी. समोरची बंद ठेवलीत तर आत दमटपणा साठेल आणि आईंना गुदमरल्यासारखं होईल. हाच कूलर घेऊन कोकणात गेलात तर काही उपयोग नाही, तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली. तिकडे फक्त पंखे. वाळ्याचा पडदा उत्तरेच्या खिडकीला लावून दुपारी दोनदा पाणी शिंपडा, तोही छान काम करतो, पण रात्री तो काढून बाहेर वाळत टाका.

आता पाठ. तुमच्या फळीवर दोन इंची फोम असणार. बहुतेक पॉप-अपमध्ये तेवढाच असतो, कारण मिटल्यावर छत आणि फळी यांच्यात जागा कमी उरते. लोक चार इंची गादी आणतात आणि मग छत नीट बसत नाही, कुलूप ओढून लावतात, तारांवर आणि बिजागऱ्यांवर ताण येतो. म्हणून माप घ्या, आणि ते टेपनं नाही मिळत. घरून कणकेचे पाच गोळे घेऊन या, मुठीएवढे, जरा घट्ट मळलेले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीच्या चार कोपऱ्यांवर आणि एक मध्ये ठेवा. गादी काढून ठेवलेली असली पाहिजे. छत पूर्ण मिटा, कुलूप लावा, पुन्हा उघडा. गोळे चपटे झालेले असतील. पट्टीनं त्यांची जाडी मोजा. सगळ्यात पातळ गोळा जेवढा, त्यातून अर्धा इंच वजा, तेवढीच गादी तुम्हाला चालेल. मी प्रत्येक कॅम्परला हेच करतो, आणि दरवेळी कुठला तरी एक कोपरा बाकीच्यांपेक्षा कमी निघतो.

तीन इंच जागा निघाली तर ४० डेन्सिटीचा एचआर (दाबून सोडला की पटकन उसळणारा) फोम घ्या. दुकानदार ३२ डेन्सिटीचा दाखवेल, हाताला मऊ लागतो, पण सहा महिन्यांत मध्ये खड्डा पडतो. रीबॉण्डेड (फोमचे तुकडे दाबून बनवलेला) फोम घट्ट असतो, आईंच्या पाठीला बरा वाटेल, पण तो फार जड. बाहेर लोंबणाऱ्या फळीवर तो नको. आईंचा बिछाना बाहेरच्या फळीवर न करता मधल्या टेबलाची फळी खाली पाडून तिथं करा, म्हणजे त्यांना रीबॉण्डेडही देता येईल आणि रात्री उठताना चढउतार करावी लागणार नाही. गादी तीन तुकड्यांत कापून घ्या, घडी घालून उन्हाला टाकता येते. खाली काथ्याची चटई किंवा प्लॅस्टिकची जाळी अंथरा. डिसेंबरच्या पहाटे फळी गार पडते, माणसाच्या अंगाची वाफ गादीच्या खाली जाऊन पाणी होते आणि गादी खालून कुबट होते. चटईमुळे हवा खेळते. वर आपली सोलापुरी चादर. जाड, सुती, घाम पिते, धुऊन धुऊन मऊ होते. सिंथेटिक चादरीवर उन्हाळ्यात झोपू नका.

फळीचं बळ एकदा तपासा. तुमचा कॅम्पर इथं कुठल्या तरी फॅब्रिकेटरनं बनवलेला असावा, त्यामुळं किती वजन चालेल असा कागद मिळणार नाही. फळीखालचे दोन्ही टेकू लावा आणि एकेक करत वाळूची पोती ठेवा, प्रत्येक वजन करून. दोन माणसं झोपणार असतील तर २०० किलोपर्यंत जा, अर्धा तास ठेवा, आणि फळीच्या मध्यावर दोरी ताणून वाक बघा. वाक पोती काढल्यावर गेला नाही, तर खालची पाइप बदलून घ्या. पोती ठेवताना खाली कुणी जाऊ नये.

विजेचं थोडक्यात. दोन १२ व्होल्टचे पंखे, प्रत्येकी १५ वॅट, आठ तास: २४० वॅट-अवर. एलईडी दिवे आणि मोबाइल धरून आणखी ८०. म्हणजे रात्रीला ३२० वॅट-अवर. ४० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी यात आरामात भागवते. कूलर दुपारी चालेल, तो पॅनलवर. १०० वॅटचा एक पॅनल आपल्या उन्हात दिवसाला ३५० ते ४०० वॅट-अवर देतो. तो छतावर स्क्रूनं ठोकू नका. एक तर छताला भोकं, दुसरं सात-आठ किलो वजन, आणि तिसरं म्हणजे तुम्ही कॅम्पर सावलीत लावणार, मग पॅनलला ऊन कुठून मिळणार? घडीच्या स्टँडवर जमिनीवर ठेवा, तोंड दक्षिणेला, उतार १८ अंशांच्या आसपास. पॅनलखाली वारा खेळू द्या, तापलेला पॅनल कमी वीज देतो.

बॅटरीबद्दल इथल्या हवेसाठी एक खास गोष्ट. लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि मेमध्ये बंद लोखंडी पेटीत पारा त्याच्या वर सहज जातो. ती पुढच्या, गाडीला अडकवायच्या जोडाजवळच्या पेटीत न ठेवता खोक्याच्या आत, खाली, सावलीच्या बाजूला ठेवा आणि पेटीला खालून-वरून भोकं पाडा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभराच्या आत. वायर ४ चौरस मिलिमीटरची, तांब्याची. वायरीतून कॅम्परला आग लागू शकते, आणि कापड पेटायला वेळ लागत नाही.

आतलं गालिचासारखं अंथरूण काढून टाका, धूळ आणि ओल धरतं. व्हिनाइलची शीट अंथरा, फडक्यानं पुसता येते. चेनला मेणबत्ती घासा, अडकत नाही. दाराच्या वर कापडाची छोटी पन्हळ शिवून घ्या, पावसात आत-बाहेर करताना मानेवर धार पडत नाही. आईंसाठी पायरी सात इंचांपेक्षा उंच नको, आणि दाराच्या बाजूला धरायला मूठ लावा, खोक्याच्या लोखंडात बोल्टनं. कापडाच्या चौकटीत नको, ती सुटेल. पोर्टेबल टॉयलेट आणि त्याच्याभोवती उभा छोटा तंबू हा खर्च मी आईंच्या वयाकडे बघून जरूर करा म्हणेन. रात्री शेतात टॉर्च घेऊन जायची भीती गेली की त्या पुढच्या वेळी आनंदानं येतील.

वाऱ्याचं गंभीरपणे घ्या. मे महिन्यातला वळीव आधी वावटळ आणतो, दहा मिनिटांत आभाळ काळं होतं. शेडनेट आणि पुढचा मांडव तेव्हा पहिल्यांदा उतरवा, सामान नंतर आवरा. आपल्या काळ्या रानात खुंट्यांचा मोठा प्रश्न असतो. उन्हाळ्यात जमीन दगडासारखी, छोटी खुंटी आत जात नाही. पाऊस पडला की तीच जमीन लोण्यासारखी होते आणि ठोकलेली खुंटी हातानं निघते. १२ मिलिमीटरच्या गजाच्या दीड फुटी खुंट्या करून घ्या, डोक्याला आकडा वाकवून, आणि तिरप्या ठोका, डोकं कॅम्परपासून लांब. कॅम्परच्या चार टेकूंखाली फूटभर प्लायचे चौकोन ठेवा, नाहीतर रात्रीत एक पाय रुततो आणि दार लागेनासं होतं. ते टेकू कॅम्पर हलू नये म्हणून असतात, त्यांनी कॅम्पर उचलू नका. पातळी आधी चाकाखाली फळी घालून साधा.

दोन धोके मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगतो, तुम्हालाही सांगतो. विंचवर उभ्या असलेल्या छताखाली काम करायचं तर आधी चारही कोपऱ्यांत आधाराच्या पाइपा घाला. तार एका क्षणात तुटते. वर्षातून एकदा तारेवरून फडकं फिरवा. फडक्याचे धागे अडकले तर तारेची बारीक काडी तुटलेली आहे, ती तार बदला. आणि डिसेंबरात थंडी वाजते म्हणून आत शेगडी घेऊ नका, कोळशाची नको, गॅसचीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही, झोपेतला माणूस झोपेतच जातो. स्वयंपाक बाहेर, सिलिंडर बाहेर. थंडीला दुसरी चादर घ्या.

रस्त्याचं. ट्रेलरही कायद्यानं मोटार वाहनच, त्याची स्वतःची नोंदणी, नंबर प्लेट आणि मागचे दिवे हवेतच. सेकंड हँड घेतलाय म्हणून कागद तुमच्या नावावर झालेत का ते आजच बघा. चेसीची लांबी, रुंदी, बांधणी बदलायची असेल तर आधी आरटीओत विचारा. सगळं सामान भरून एकदा वजनकाट्यावर न्या. उसाचा जिल्हा आहे आपला, काटा शोधावा लागत नाही. गाडीपासून सोडवून फक्त कॅम्परचं वजन करा, आणि मग जोडाच्या टोकाखाली घरातला माणसांचं वजन करायचा काटा विटेवर ठेवून तिथलं वजन बघा. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के जोडावर आलं पाहिजे. कमी आलं तर हैदराबाद रस्त्यावर ट्रक शेजारून गेला की कॅम्पर शेपटी हलवायला लागतो. टायर दिसायला नवे असले तरी कडेला चार आकडे वाचा. २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. उभ्या राहिलेल्या कॅम्परचे टायर झिजत नाहीत, उन्हानं कडेला चिरतात. चिरा दिसल्या किंवा सहा वर्षं झाली असतील तर कापडाच्याही आधी टायर, आणि सोबत चाकाच्या बेअरिंगला नवं ग्रीस.

तुमच्या चाळीस हजारांत मी असा क्रम लावीन. टायर-बेअरिंग आणि गळती, यात कसर नको. मग शेडनेट आणि चंदेरी ओढणी, ही दोन्ही कामं घरच्या घरी होतात. मग गाद्या. मग पंखे, बॅटरी, पॅनल. टॉयलेट आणि पायरी आईंच्या पुढच्या मुक्कामाआधी झाली पाहिजे. फॉइलची फोमशीट आणि छताचा रंग पुढच्या वर्षी केला तरी चालेल. हे सगळं झाल्यावर पहिली रात्र दारातच झोपा, दुसरी एखाद्या ओळखीच्या शेतात, पाणी आणि माणसं जवळ असतील अशा ठिकाणी. नळदुर्ग, हत्तरसंग-कुडल तिसऱ्या वेळी.

आज रात्री दिव्याची परीक्षा आणि कणकेचे गोळे, एवढं करा. पाचही गोळ्यांची जाडी आणि उजेड कुठं कुठं दिसला ते कळवा, मग गादीचं माप आणि कुठली शिवण उसवून पुन्हा मारायची ते मी सांगतो.